पुण्यापर्यंत गरम राहिलेली पेज

मित्रांनो, मिठबावच्या सत्यवानकाकांच्या घरातला जुना थर्मास मी. बाहेरून पत्रा, आतून काच. मथुराकाकूंनी मला मालवणच्या बाजारातून आणले. काका पहाटे आंब्याच्या बागेत निघाले की काकू माझ्यात चहा भरून देत. "थर्मास बरो आसा हां!" असे गडी म्हणाले की मी फुगून जाई. पुढे बागेतच गॅस आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे कोळ्यांनी मला जाळ्यात गुंडाळले.

यंदा काकूंचे पुण्यात पोटाचे ऑपरेशन झाले. तिथे राहणाऱ्या मुलीचा, रसिकाचा, फोन आला. "बाबा, डॉक्टरांनी पातळ खावक सांगल्यानी, पन आई कायच खाईना. हयली पेज तिका गोड लागना नाय. घरची व्हयी म्हणता."

काकांनी मला खाली काढून घासले. पण रात्रभर बसने जाता जाता पेज आंबणार, ही त्यांना काळजी.

शेजारची किशोरी म्हणाली, "काकानू, चिपीच्या विमानतळासून विमान आसा. तासाभरात पुणा."

"गमजा मारू नको गो! तासाभरात आमची एस्टी मालवणाक पोचणा नाय."

"एस्टी घाटान वळत वळत जाता. विमान सरळ रेघ मारता. तीनशे किलोमीटर पन नाय."

तिनेच मोबाइलवर तिकीट काढले. काकांनी स्वतः उकड्या तांदळाची पेज केली आणि उकळती माझ्यात ओतली.

विमानतळावर तपासणीला गणवेशातल्या एका मुलीने मला उचलले. "काका, यातला एक घोट पिऊन दाखवा."

काकांचा चेहरा उतरला. "हे नाही जमणार, बाई. जन्मभर ती माझ्या मागून जेवली. आज तिने आधी खायचं, असं मी ठरवलंय."

मागून कोणीतरी ओरडले, "आजोबा, पंगत नंतर! विमान जाईल!"

"नियम आहे, काका. नाहीतर थर्मास इथेच ठेवावा लागेल."

काकांनी डोळे मिटून एक घोट घेतला. इतक्या जड मनाने कोणी काही पिताना मी पाहिले नाही.

मग ते विमान उडाले. ज्या घाटात एस्टी धापा टाकत चढते, तो खाली नुसता हिरवा दिसत होता. माझ्यातली ऊब फारशी उतरलीही नाही, तोच पुणे आले. धन्य ते विमान! ऊब राखणे मला येते, पण वाट कमी करणे मला कधी जमले नव्हते.

खाटेशेजारी बसताच काका म्हणाले, "मथुरा, माका पयलो घोट घेवक लायल्यानी गो."

"बरा केल्यानी! उपाशीच इलात ना?"

काकांनी झाकणात पेज ओतली. काकूंनी ओठ लावले आणि चटकन मागे घेतले.

"अवो, कडत आसा!"

सगळ्यांचे झाल्यावर भांड्याच्या तळाची गार पेज पिणाऱ्या काकूंना त्या दिवशी फुंकर घालावी लागली. त्यांनी झाकण रिकामे करून पुन्हा पुढे केले. काका मात्र खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. रसिकाने दुसऱ्यांदा ओतून दिली.

मित्रांनो, माझ्या पोटात काच आहे, मला आपटू नका, एवढे मागणे तर आहेच. पण तुमच्या घरात जी सगळ्यांच्या मागून जेवते, तिला एकदा पहिली वाढा. पेज गरम आहे तोवर.