हाक मारेपर्यंत निघू नको

एकोणीसशे एकोणसाठ सालच्या अकोल्यात मुलं हरवत नसत. ती नुसती दिसेनाशी होत आणि भूक लागली की दिसू लागत. जुन्या शहरातल्या आया सकाळी कोंबड्या सोडाव्यात तशी पोरं बाहेर सोडत आणि संध्याकाळी एखादं शेजारचं आलं तरी त्यालाही भाकर वाढत. पुलावरून नदीत उडी, सरकी काढायच्या जिनाच्या भिंतीवरून कापसाच्या गंजीत उडी, चालत्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, लोंबकळणं, या सगळ्याला 'पोट्टे खेळून राहिले' एवढंच नाव होतं. गुडघा फुटला तर माती लावायची. डोकं फुटलं तर जास्त माती.

अशा त्या सुखाच्या काळात, एका दुपारी, दहा वर्षांच्या मैनाची पाच वर्षांची बहीण शकुन दिसेनाशी झाली.

झालं असं, की कापसाचा हंगाम होता. मोर्णा नदीपलीकडच्या जिनाबाहेर बंड्या रिकाम्या होऊन उभ्या होत्या आणि पोरांचा लपाछपीचा डाव रंगला होता. मैनाने शकुनला एका बंडीत तरटाखाली निजवलं आणि बजावलं, "मी हाक मारेपर्यंत निघू नको. दुसरं कोनी बोलावलं तं ओ देऊ नको." मग ती स्वतः सरकीच्या पोत्यांमागे इतकी झकास लपली, की कोणाला सापडलीच नाही. जिंकून बाहेर आली, तर बंडी नव्हती.

शकुन सांगितलेलं ऐकणारी पोरगी होती. सगळा घोटाळा तिथेच होता.

मैना जिनात धावली. तिची आई दुर्गाबाई बायांच्या रांगेत कापूस निवडत होती.

"माय, शकुन बंडीत गेली!"

"कोनाच्या?"

"मले मालूम नाई."

"बरं झालं. पायी नाई गेली." दुर्गाबाईने किडका कापूस बाजूला टाकला. "बंडीवाला का खाऊन टाकते तिले? पुढच्या बाजाराले आनून देईन. मांगं मोतीरामची पोरगी ट्रकात बसून तिवशाले नोती गेली? आठ दिवसांनी आली, ते अंगानं भरूनच."

रांगेतल्या बाया हसल्या.

"पन तिले मीच गुपचूप राह्य म्हनलं, माय! बंडीवाल्याले मालूमच नाई ते आत हाय!"

"जाय वं. मुकादम पाहून राहिला."

पुलावर शाळेतले कमलाकांत गुरुजी भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हरवली म्हणजे काय? असेल इथंच कुठंतरी, देशातच." शेजारच्या माणिकबाईने मूठभर फुटाणे दिले. फुटाणे मुठीत घेऊन मैना भर रस्त्यात उभी राहिली. एवढ्या मोठ्या शहरात एकच माणूस घाबरलेलं होतं आणि ते दहा वर्षांचं होतं.

जास्त बंड्या अकोटच्या रस्त्याने परततात, एवढं तिला ठाऊक होतं. ती पळत सुटली.

कापूस टाकला की गाडीवानाने घोंगडी ओढून आडवं व्हायचं, घर बैलांना माहीत असतं, ही त्या रस्त्याची रीत. वऱ्हाडाला या बैलांचा फार अभिमान. मैनाला मात्र चाकं दिसत होती, खड्डे दिसत होते आणि दिवस कलल्यावर नाल्याकाठी येणारे लांडगे दिसत होते.

"शकुन! शकुन वं!" ती प्रत्येक बंडीपाशी ओरडे. झोपमोड झालेले गाडीवान शिव्या देत. सहावी बंडी, सातवी. आठवीपाशी तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. आवाज बसला होता.

मैना तिथेच मटकन बसली. आता नेमकी बंडी गाठली तरी शकुन निघणार नव्हती. हाकेशिवाय निघू नको, असं तिला पक्कं सांगितलं होतं.

मग ती उठली आणि चालत्या बंड्यांवर मागून चढू लागली. एकीत तरटाखाली बकरी निघाली. एकीत काहीच नव्हतं, पण गाडीवानाचा चाबूक पाठीत बसला. ऊन पिवळं पडलं. बाराव्या बंडीतलं तरट तिने ओढलं.

शकुन. डोळे टक्क उघडे, ओठ दातांखाली दाबलेले, झबलं भिजलेलं.

"आता निघू का?" तिने कुजबुजत विचारलं.

पुढचा म्हातारा गाडीवान उठून बसला. "कोन वं? दोन पोट्ट्या? म्या तं एक बी नोती आनली!" त्याने डोळे चोळले. "आता बसाच. हिवरखेडले चाला. मंगळवारी येतोच मी वापस."

मैनाने शकुनला खाली ओढलं. परतताना सगळा रस्ता तिने तिचं मनगट असं धरलं होतं, की त्यावर वळ उठले.

घरी दुर्गाबाई भाकरी थापत होती. "आल्या? म्या म्हनलं नोतं?" ती म्हणाली. मैनाने तोंड उघडलं, पण सांगायला आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने सुतळीचं एक टोक शकुनच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. गल्ली खदखदून हसली. दुर्गाबाईने गाठ सोडली, मैनाने पुन्हा बांधली. दुर्गाबाईने दोन रपाटे दिले, मैनाने वर आणखी एक गाठ मारली. पुलावरून पोरं धबाधब पाण्यात उड्या घेत होती.

"ताई, सोड ना वं," शकुन रडत ओढत होती. "मले जाऊ दे."

मैनाने सुतळीचा अजून एक वेढा हाताला घेतला.