लाल बोर्ड आणि सोळा दात

मी दात बनवतो. डॉक्टर तोंडात काम करतात आणि नाव कमावतात, आम्ही मागच्या खोलीत बसून त्यांना दात पुरवतो. मापाचा साचा येतो, सोबत चिठ्ठी येते आणि चिठ्ठीवर एक नंबर असतो, एक ते सोळांपैकी. तो दाताच्या रंगाचा नंबर. लोकांना वाटतं दात पांढरे असतात. पांढऱ्याच्या सोळा जाती आहेत, आणि चार नंबरच्या दाताशेजारी पाच नंबरची कॅप बसवली तर चांगला हसरा माणूस फोटोत ओठ मिटून उभा राहायला लागतो.

ह्या सोळा नंबरांची नमुन्याची पट्टी माझ्याकडे बावीस वर्षं आहे. प्रत्येक नमुना म्हणजे छोट्या दांडीवर बसवलेला एक दात, दांडीवर नंबर कोरलेला. भट्टीतून कॅप काढायची, खिडकीशी न्यायची, शेजारी नमुना धरायचा आणि बघायचं. सगळा धंदा ह्या बघण्यावर. पहिल्या मजल्यावरची ही खोली मी खिडकीतल्या उजेडासाठीच घेतली. बायको शेजारच्या टेबलावर कॅपांना पॉलिश करते आणि संध्याकाळी सोळाही नमुने एकेक करून धुऊन ठेवते.

तर ह्या खिडकीच्या बरोबर समोर, गल्लीच्या पलीकडे, माझ्या मेव्हण्याने सायकलींचं दुकान काढलं आणि काही महिन्यांनी त्यावर चौदा फूट लांब, चकचकीत लाल बोर्ड ठोकला. दुपारी ऊन बोर्डावर पडायचं आणि तिथून थेट माझ्या खोलीत यायचं. छत गुलाबी, भिंत गुलाबी. बायको म्हणाली, "खोलीला ताप आल्यासारखं दिसतंय." लाली खरी होती, हे मी आजही कोणालाही सांगेन.

त्याच सुमारास माझ्या तीन कॅपा परत आल्या. रंग जुळत नाही, म्हणे. तिसऱ्या वेळी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. माझं निम्मं काम त्यांच्याकडून येतं. ते म्हणाले, "काय हो, डोळेबिळे तपासून घेतलेत का एवढ्यात?" आणि हसले. मीही हसलो.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद अठ्ठावन्नाव्या वर्षी असेच चुकायला लागले. आधी वर्षभर ते ट्यूबलाइटला शिव्या देत होते. मग पावडरच्या कंपनीला. शेवटी कोणी काम देईना, तेव्हा मुलीकडे राहायला गेले आणि तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या दातांकडे टक लावून बघत बसायचे. पाहुणे यायचे बंद झाले. मला ह्या वर्षी सत्तावन्न पूर्ण झाली.

मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला आणि म्हणालो, समोर लाल बोर्ड लागलाय, त्याचा दोष आहे. ते म्हणाले, "असं का? मग करा काहीतरी त्याचं." त्यांच्या आवाजात विश्वास नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपल्याला कागद पाहिजे. सरकारी शिक्का मारलेला, बोर्डाचा दोष आहे असं सांगणारा कागद. तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला की तोंडं बंद.

बोर्डाला अजून तात्पुरतीच परवानगी होती. शटरवर नोटीस चिकटवलेली होती: ह्या फलकामुळे आजूबाजूला त्रास होत असल्यास पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी. मी चौदाव्या दिवशी घेतली. अर्जात लिहिलं, बोर्ड लागल्यापासून तीन कॅपा परत आल्या.

खरं तर दोन. पहिली कॅप बोर्ड लागायच्या आठ दिवस आधी परत आली होती. तिची चिठ्ठी मी प्लास्टरच्या पोत्याखाली सरकवून ठेवली होती, आणि नंतर त्या पोत्याकडे बघायचंही टाळत होतो.

बायकोला मी अर्ज देऊन आल्यावर सांगितलं. तिच्या हातातली कॅप तशीच राहिली.

"अहो, गल्ली ओलांडून सांगितलं असतंत तरी त्याने रंग बदलला असता. सख्खा भाऊ आहे माझा."

"कामाच्या गोष्टीत नातं आणू नये."

"हे कधीपासून?"

तिला काय सांगणार? मेव्हण्याने प्रेमाने रंग बदलला असता तर माझ्या हाती काय लागलं असतं? कागद नाही. समोर पांढरा बोर्ड, आणि चौथी कॅप परत आली की मग कोणाचं नाव घ्यायचं?

दोन दिवसांनी मेव्हणा हरकतीची नक्कल घेऊन वर आला. त्याच्या बोटांना साखळीचं काळं ग्रीस होतं, म्हणून कागद त्याने कोपऱ्यात दोन बोटांनी धरला होता. माझ्या घरातला कागद असल्यासारखा जपून.

"भाऊजी, हे तुमचंच नाव ना?"

"माझंच."

"नाही, मला वाटलं दुसरं कोणी असेल." तो स्टुलावर बसला. "तुमचं खरंच नुकसान होत असेल तर बोला. पण एक सांगतो. माझं दुकान पडतं वळणाच्या आत. बोर्ड नव्हता तेव्हा आठवड्याला तीन गिऱ्हाइकं यायची, त्यातली दोन हवा भरायला. आता मोठ्या रस्त्यावरून लाल दिसतं म्हणून लोक आत वळतात. हा माझा तिसरा धंदा आहे, भाऊजी. चौथा करायचं वय नाही राहिलं."

"पाहणीला येतील ते ठरवतील," मी म्हणालो. आपलाच आवाज आपल्याला आवडू नये, असा तो आवाज होता.

त्यानंतरचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी बायको उठायच्या आत, बोर्डावर ऊन यायच्याही कितीतरी आधी, मी खिडकीशी पट्टी घेऊन उभा राहायचो. चार आणि पाच. डावा डोळा मिटून, मग उजवा मिटून. चार, पाच. दोन्ही सारखे. जुन्या कागदावर ठेवल्यासारखे दोन्ही पिवळसर. सात आणि आठ, तेही भाऊभाऊ. मी डोळे धुवायचो, चहा प्यायचो, पुन्हा बघायचो.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नंबर न बघता, रंग न बघता, नमुना हातात घेतला की मला तो ओळखू येत होता. बावीस वर्षांत प्रत्येकाला काही ना काही झालं होतं. सात नंबरच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. बाराची दांडी जराशी पिळलेली. तीन नंबर एकदा दांडीवरून निघाला म्हणून मी चिकटवला होता, तिथे बारीक गाठ लागायची. अंगठा फिरवला की नाव कळायचं. कधीपासून मी डोळ्यांऐवजी अंगठ्याने काम करत होतो, कोण जाणे.

दहाव्या दिवशी परवाना खात्याच्या बाई आल्या. खांद्याला फाइलींची पिशवी, हातात मोजपट्टी. चाळिशीच्या असतील, बोलायला मोजक्या. त्यांनी खाली उभं राहून बोर्ड मोजला, गल्ली मोजली, मग वर येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ छताकडे बघत राहिल्या.

"गुलाबी तर दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण त्याने तुमच्या कामाला खरंच बाधा येते का, हे मला लिहायचंय. ते कसं कळणार?"

"मी सांगतोय ना."

"सगळेच सांगतात." त्यांनी पट्टी उचलली. "असं करू. बोर्डावर काही तरी टाकून तो झाका. मी नंबर झाकून एकेक दात देईन, तुम्ही ओळखा. मग बोर्ड उघडा करून पुन्हा तेच."

बाई हुशार निघाल्या. बायकोने कपाटातून दोन पांढऱ्या चादरी काढून दिल्या. मेव्हणा त्या घेऊन शिडीवर चढला आणि स्वतःच्याच बोर्डाचं तोंड झाकायला लागला. मध्येच त्याने वर बघून विचारलं, "भाऊजी, उजवीकडून अजून लाल दिसतंय का? सांगा, ओढतो." मी मानेनेच नाही म्हटलं.

खोलीतली लाली गेली. बाईंनी दांड्यांवरच्या नंबरांवर कागद चिकटवले आणि एक नमुना बोटांत धरून माझ्यासमोर केला.

मी बघितलं. पिवळसर पांढरा. सहा असेल, सात असेल, दहाही असेल.

"हातात घेतल्याशिवाय नाही सांगता येत, बाई. खिडकीशी धरावा लागतो."

"घ्या की."

मी खिडकीशी गेलो, डोळे बारीक केले, मान तिरकी केली, सगळं नाटक केलं. अंगठा कोपऱ्यावर गेला. टवका.

"सात."

त्यांनी कागद सोलून बघितलं. "बरोबर."

दुसरा पिळलेला. "बारा." तिसऱ्याला गाठ. "तीन." बाई म्हणाल्या, "कमाल आहे," आणि त्यांनी लिहून घेतलं. मेव्हण्याने चादरी काढल्या, छत पुन्हा गुलाबी झालं. नंबर पुन्हा झाकून, क्रम बदलून तेच तीन दात माझ्या हातात आले. ह्या वेळी अंगठ्याने खरं सांगितलं आणि मी तोंडाने खोटं सांगितलं. सातला आठ म्हणालो, बाराला दहा. तीन मात्र बरोबर सांगितला, फार सफाई दिसू नये म्हणून. एवढी अक्कल मला त्या घाबरलेल्या अवस्थेतही होती, ह्याची आज लाज वाटते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की शेजारचं पॉलिशचं मशीन बंद आहे. बायको माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

बाईंनी पाहणीचा कागद भरला, सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. 'सदर फलकाच्या रंगामुळे व चकाकीमुळे समोरील कारागिराच्या कामात बाधा येते. फलक उतरवावा.' मला हवा होता तोच कागद, शब्द न् शब्द. त्या मेव्हण्याला म्हणाल्या, "हा आजच उतरवा. वेगळ्या रंगाचा करून पुन्हा अर्ज करा, महिना-दीड महिना लागेल." आणि जिना उतरायला लागल्या.

मला वाटलं होतं जिवात जीव येईल. तो काही आला नाही.

मेव्हणा गेला नव्हता. तो दारात उभा राहून पाय बदलत होता. मला वाटलं आता भांडणार, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. तो आत आला आणि त्याने खिशातून रंगवाल्याचं कार्ड काढलं, दुमडलेलं, आत रंगांचे चौकोन.

"तुमच्या डोळ्यांपुढे माझा बोर्ड काय, भाऊजी. एवढं बारीक दिसतं तुम्हाला, मी बघतच राहिलो. महिना काढू कसा तरी." त्याने कार्ड माझ्या हातात दिलं. "आता तुम्हीच सांगा कुठला करू. ह्या वरच्या ओळीतले म्हणे चमकत नाहीत. तुमच्या कामाला चालेल असा निवडा, म्हणजे पुन्हा घोळ नको."

वरच्या ओळीत सहा चौकोन होते. मला ते सहा आहेत हे फक्त मधल्या रेघांमुळे कळलं. एकाच रंगाची सहा घरं. मी खिडकीशी गेलो. कार्ड तिरकं धरलं. अंगठा पहिल्या चौकोनावरून फिरला, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. कार्ड गुळगुळीत होतं.

"बघा निवांत," मेव्हणा म्हणाला. "घाई नाही."

अंगठा पुन्हा पहिल्या चौकोनावर गेला. मी तो थांबवायला बघत होतो आणि तो थांबत नव्हता.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "त्याला टवका नाहीये."

रोज संध्याकाळी ती ते सोळा दात धूत होती. तिला टवका माहीत होता, गाठ माहीत होती, आणि पोतं हलवून झाडू मारणारीही तीच होती. मला रडू आलं.

"मला दिसत नाही," मी म्हणालो. इतके महिने हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण होऊ दिलं नव्हतं. "सगळे सारखे दिसतात. बोर्ड नव्हता तेव्हाही सारखेच दिसत होते."

मेव्हण्याला कळायला वेळ लागला. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्याच्या ताईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. मग म्हणाला, "मग चादर कशाला टांगायला लावलीत?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

मी खिडकीतून वाकलो. बाई वळणापाशी पोचल्या होत्या. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत होत्या.

"बाई!" मी ओरडलो. "ओ बाई, थांबा! माझी हरकत खोटी आहे!"

बाई थांबल्या. गल्लीतले सगळे वर बघायला लागले, आणि मला कोणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता.