चौथ्या खिशातली चिठ्ठी

मित्रांनो, निळ्या कापडाचा, चार खिशांचा एक जुना तक्ता म्हणजे मी. उत्तर मिनेसोटातल्या एका लहानशा गावात, पहिलीच्या वर्गात मी टांगलेला असतो. हॅल्वर्सनबाईंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी जुन्या तंबूचं कापड कापून मला घरी शिवलं. खिशांवर पांढऱ्या दोऱ्यानं एकेक प्रश्न भरला : प्राणी दिसतो कसा? राहतो कुठे? खातो काय? वागतो कसा?

मुलांनी एका चिठ्ठीवर एकच माहिती लिहायची आणि ती योग्य खिशात घालायची. मग एकेका खिशातल्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून त्यांचा परिच्छेद करायचा. "अस्वल मासे खातं, त्याला केस असतात, ते मासे खातं," असं लिहिणारी मुलं नाताळपर्यंत नीटनेटकं पान लिहू लागत. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका मला बघायला येत. माझी छाती फुगे.

नमुना म्हणून बाईंच्या हातची एक चिठ्ठी चौथ्या खिशात कायम असे : 'माणसाचा हात लागला, तर पक्षी आपल्या पिलाला टाकून देतो.' एकोणीस वर्षं ती मुलांनी उतरवून घेतली.

गेल्या मे महिन्यात खिडकीबाहेरच्या मेपलवर रॉबिन पक्ष्यानं घरटं केलं. एका सकाळी सुटीत आमच्या वर्गातल्या टिल्डा आणि रॉइस यांना झाडाखाली एक पिलू दिसलं. पंख न फुटलेलं, डोळे मिटलेले. रॉइस वाकला.

"हात लावू नकोस!" टिल्डा किंचाळली. "चौथा खिसा विसरलास? आई टाकून देईल त्याला!"

"अगं, पण ते थरथरतंय."

"मग लाव हात! आणि त्याच्या आईला तूच सांग जा!"

रॉइसनं हात पाठीमागे घेतले. कुणी शिवू नये म्हणून मुलांनी पिलाभोवती कडं केलं. बाईंनी खिडकीतून विचारलं, काय झालं म्हणून. टिल्डानं सांगितलं. "शाबास, बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. घंटा झाली. मुलं आत आली.

जेवणाच्या सुटीपर्यंत पिलू मेलं होतं.

दुपारी रॉइसला न्यायला त्याचे आजोबा आले. जखमी पक्षी सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते झाडापाशी थांबले आणि नुसता हात वर केला. घरटं हाताला लागलं.

"अरे, उचलून वर का नाही ठेवलंत?"

टिल्डानं धावत वर्गात येऊन माझ्यातली चिठ्ठी काढली आणि खिडकीतून मोठ्यानं वाचली.

"कुणी लिहिलंय हे?"

"मी," बाई म्हणाल्या.

"बाई, हे खोटं आहे. चाळीस वर्षं मी पिलं उचलून घरट्यात ठेवतोय. तासाभरात आई चोचीत किडा घेऊन हजर होते."

बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीत मटकन बसल्या. "मला माझ्या आईनं सांगितलं होतं…"

"आणि तुमच्या आईला कुणी?" रॉइसनं विचारलं.

टिल्डाचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे आम्ही मारलं त्याला?"

"नाही गं बाळा. चूक माझी आहे."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या शिवणी उसवतील की काय, असं मला वाटलं. एकोणीस वर्षं, दर वर्षी वीस-बावीस मुलं! त्यांतल्या कितीजणांनी अंगणात पडलेल्या पिलाकडे बघून हात मागे घेतले असतील? आणि मी भिंतीवर ताठ मानेनं टांगलेला!

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गासमोर चूक कबूल केली. सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढून मुलांना तपासायला लावल्या. आणखी सात चिठ्ठ्यांना काहीच आधार सापडला नाही. मग बाईंनी मला पाचवा खिसा शिवला : 'तुला कसं कळलं?'

टिल्डानं आठवडाभर पेन्सिलीला हात लावला नाही. बाईंनी एकदाही घाई केली नाही. शुक्रवारी ती आपणहून आली. तिनं चौथ्या खिशात चिठ्ठी घातली : 'पिलू घरट्यात ठेवलं, तर आई परत येते.' पाचव्यात घातली : 'रॉइसच्या आजोबांनी पाहिलं. मी अजून पाहिलं नाही.'

मित्रांनो, मी फाटलो तर मला टाका घालता येईल, मळलो तर धुता येईल. माझी फार काळजी करू नका. माझ्यात काय घालता, त्याची मात्र करा. कुणीतरी ते खरं मानून वागणार आहे.