टाळ्यांसाठी सोडलेली जागा

मी आरसा बोलतोय. केस विंचरायचा घरगुती आरसा नव्हे, नाटक कंपनीच्या रंगपटातला, पुरुषभर उंचीचा. राजे, भिकारी, खलनायक सगळे माझ्यासमोर तोंडाला रंग फासत. प्रत्येकाला दुसऱ्याचीच भूमिका मोठी वाटायची. माणसांच्या या खोडीला मी तेव्हापासूनच वैतागलेला आहे.

त्यातले एक आमचे मास्तर. आवाज असा, की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून जागा व्हायचा. टाळी पडली की रंगपटात येऊन मला विचारायचे, "ऐकलंस ना?" न ऐकायला काय झालं! सगळी इमारत दणाणायची.

मग बोलपट आले आणि नाटकाचा प्रेक्षक तिकडे पळाला. कंपनी बंद पडली. मास्तरांनी मला उचलून घरी आणलं. त्यांची बायको दारातच कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, इथे माणसांना उभं राहायला जागा नाही, याला कुठे उभा करू?"

कॅमेऱ्यासमोर मास्तरांचं काही जमलं नाही. ते साधं "या, बसा" म्हणाले तरी युद्ध पुकारल्यासारखं वाटायचं. शेवटी स्टुडिओवाले म्हणाले, "तुम्ही आपलं लिहा." म्हणून मास्तर लिहू लागले. लिहू लागले म्हणजे काय, माझ्यासमोर उभे राहून नायक, नायिका, सासू, दरोडेखोर सगळं स्वतःच वठवायचे आणि लेक जमिनीवर बसून भराभर उतरवून घ्यायची. शेजारीण विचारून जायची, "घरात भांडण झालं का हो?"

खरी गोची निराळीच होती. टाळीचं वाक्य आलं की मास्तर थांबायचे. मान जरा वर, नजर माझ्याही पलीकडे, शेवटच्या रांगेवर. मनातल्या टाळ्या ओसरल्या की पुढचं वाक्य. लेक इमानाने लिहायची, 'थोडं थांबून'. पहिल्या बोलपटात नट खरोखरच तसे थांबले. पडद्यावर नायक तोंड मिटून नुसता उभा, आणि थिएटरात खसखस पिकली. दुसरा बोलपट दुसऱ्याच कुणीतरी दुरुस्त केला आणि पडद्यावरच्या नावांच्या पाटीवरून मास्तरांचं नाव उडालं. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कोण? समोरच्याचं सोंग त्यालाच परत दाखवायचं, एवढंच माझ्या नशिबात. चीड येते नुसती!

तिसऱ्या वेळी दिग्दर्शक घरीच आला. वयाने लहान, पण स्पष्ट बोलणारा. "मास्तर, रागावून घर सोडणाऱ्या मुलीला बाप थांबवतो, तो प्रसंग उद्या हवा. मोकळ्या जागा नकोत. या वेळी नाही जमलं, तर मी तुमच्यासाठी भांडू शकणार नाही. तुम्हाला परत कोणी बोलावणार नाही."

तो गेल्यावर मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. हात पसरले, छाती फुगवली, आभाळाला साक्षी ठेवलं, पृथ्वीला दुभंगायला सांगितलं आणि थांबले.

लेकीने लेखणी खाली ठेवली. "बाबा, घरात इतकं मोठ्याने कोण बोलतं?"

"मग शेवटच्या रांगेला ऐकू कसं जाणार?" मास्तर भडकले.

"शेवटची रांग नाहीये, बाबा. मी आहे. मी निघालेय घरातून. मला थांबवा."

मास्तरांनी पसरलेले हात खाली घेतले. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! लेकीसमोर खाली बसले आणि काहीतरी बोलले, इतक्या हळू की मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मास्तरांची मला दिसली ती फक्त पाठ. पोरीचे डोळे भरून आले होते आणि ती लिहायचंही विसरली होती. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती.

तो बोलपट चालला. पाटीवर मास्तरांचं नाव आलं. लोक म्हणे त्या प्रसंगाला टाळ्या वाजवत नाहीत, नुसते गप्प बसतात. आता मास्तर खुर्चीत बसून लेकीकडे बघत लिहितात, आणि मला कपाटामागे सरकवलंय. त्यांचं भलं झालं, मला आनंद आहे. पण खोटं कशाला बोलू, जीव जळतो माझा. जन्मभर त्यांचा थयथयाट सोसला मी, आणि त्यांचं सगळ्यांत सुंदर काम तेवढं मला दिसलं नाही.

तुम्ही तो बोलपट पाहिला असेल तर एक उपकार करा. कपाट जरा बाजूला ओढा, माझ्यासमोर उभे राहा, आणि तो बाप मुलीला काय म्हणतो ते मला सांगा. मोठ्याने सांगितलंत तरी चालेल.