अवसेच्या घरची कल्हई

तांबट आळीत चंद्र भट्टीतून उगवतो. रोज वेगळ्या घरच्या भट्टीतून, पाळीने. आळीच्या तोंडापासून तो उजव्या ओळीने पुढे पुढे सरकतो, टोकाच्या विहिरीपाशी पौर्णिमेचं घर गाठतो आणि डाव्या ओळीने परत येतो. उजवीकडच्यांनी त्याला एकेका कलेची कल्हई करायची, डावीकडच्यांनी एकेक कला घासून उतरवायची. काम झालं की तो धुराड्यातून आभाळात जातो. मावळताना टोकाच्या विहिरीत उतरतो तेव्हा चुर्र असा आवाज होतो. आळीला त्याची इतकी सवय, की कुणी मानही वर करत नाही.

डाव्या ओळीतलं शेवटचं, आळीच्या तोंडाशी असलेलं घर वडक्यांचं, म्हणजे अवसेचं. तिथे चंद्र येत नाही. कालिंदीला हे लग्न झाल्यावर कळलं. स्थळ बघायला आलेल्या तिच्या माहेरच्यांनी नळाला पाणी कधी येतं ते विचारलं, भट्टी पाहिली, जावयाचे हात पाहिले. तिथी विचारायची तेवढी राहून गेली.

तिच्या सासूबाई, अक्का, याच घरात नवरी म्हणून आल्या तेव्हा चंद्राला लावायला म्हणून माहेराहून कथलाची कांडी घेऊन आल्या होत्या. ती फडताळात फडक्यात गुंडाळलेली होती ती तशीच होती. आता अक्कांची नजर विझत चालली होती. लख्ख उजेडाची वस्तू तेवढी दिसायची, आणि पुढच्या महिन्यात तीही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. चंद्र एकदा आपल्या घरात बघायचाय, एवढंच अक्का म्हणाल्या.

कालिंदीने ते मनावर घेतलं. प्रतिपदेपासून ती, चंद्र कधी उगवतो ते बघायला, रोज ज्याची पाळी त्याच्या घरी जाऊन बसू लागली. उजव्या ओळीतल्या पहिल्या घरी चंद्र सकाळच्या चहानंतर उगवला, अष्टमीच्या घरी ऐन जेवणाच्या वेळी, आणि तिथल्या सुनेला पोळ्या टाकून कल्हईला बसावं लागलं. चंद्र भरत गेला तशी आळीही रुंदावत गेली. पौर्णिमेला तिन्हीसांजेला तो उगवला तेव्हा आळीतून दोन वराती शेजारीशेजारी गेल्या असत्या. त्या दिवशी कालिंदी अक्कांना हात धरून पौर्णिमेच्या घरी घेऊन गेली. अक्कांना चंद्र दिसला. पण लोकांच्या ओट्यावर बसून बघितलं की मन भरत नाही, असं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं.

मग डावी ओळ सुरू झाली. संकष्टीला नाना खेडकरांच्या दारात अख्ख्या गावच्या उपाशी बायका उभ्या होत्या आणि नाना मुद्दाम सावकाश घासत होते. रोज कला उतरत होती, चंद्र उशिरा येत होता आणि आळी आवळत होती. एकादशीपर्यंत समोरासमोरचे ओटे इतके जवळ आले, की बसल्या जागेवरून समोरच्या घरचं मीठ घेता येई. चतुर्दशीचं घर शेजारच्या गोदूवहिनींचं. तिथे चंद्र उजाडायच्या जरा आधी आला, नखाएवढा उजळ. कालिंदीला तिथे आडवं होऊनच शिरावं लागलं. गोदूवहिनींनी तेवढंही घासून टाकलं आणि हात धुता धुता म्हणाल्या, झालं बाई, आता आळीला सुट्टी.

कालिंदी तिथेच पाटावर बसून विचार करत राहिली. गोदूवहिनींकडे तो पहाटे येतो. समोर प्रतिपदेच्या घरी सकाळी येतो. या दोहोंच्या मध्ये जी वेळ उरते, ती आपली. सूर्य उगवतो तीच.

आणि नेमक्या त्याच वेळी वडक्यांच्या घरी काय चालायचं? अवसेला तांबट भट्टीला हात लावत नाहीत, म्हणून तिचा नवरा दिगंबर सूर्य उगवायच्या आत भट्टीवर परात पालथी घालायचा. परात दर अवसेला खडखडायची. दिगंबर म्हणायचा, घूस आहे. त्याचे वडीलही तेच म्हणायचे. मग तो परातीवर आणखी एक दगड ठेवायचा आणि अंघोळीला जायचा. हे आठवून कालिंदीला आधी रडू आलं, मग हसू, आणि ते काही केल्या थांबेना.

दुसऱ्या दिवशी परात खडखडली तेव्हा तिने एकेक दगड उतरवला. परात सरकवून चंद्र वर आला. काळपट तांब्याचा, ठिकठिकाणी पोचे आलेला, घंगाळाएवढा. तो भट्टीच्या काठावर दमून बसला.

दिगंबर ओल्या अंगाने दारात उभा होता. तो म्हणाला, "ही घूस नव्हे."

"अहो, भाता चालवा," कालिंदी म्हणाली.

त्याने भाता चालवला. तिने तापलेल्या चंद्रावर नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, मग फडक्यातली कथलाची कांडी काढून टेकवली आणि कापसाचा बोळा फिरवला. कुठे थांबायचं हे तिला ठाऊक नव्हतं. बाकीच्या घरांना एक कला ठरलेली होती, अवसेच्या घराला कुणी काही ठरवूनच दिलं नव्हतं. ती फिरवत गेली. कांडी संपत गेली आणि चंद्र या काठापासून त्या काठापर्यंत पांढराशुभ्र झाला. कालिंदीला इतका आनंद झाला, की बोटं भाजल्याचं तिला कळलंच नाही.

"अक्का, दिसतंय का?"

"सरक जरा. तू मध्ये आलीयेस."

ती सरकली. अक्का बघत राहिल्या. मग भिंतीवरची पाल दिसल्याचं त्यांनी सांगितलं, दिगंबरचे केस पिकल्याचं सांगितलं, आणि कालिंदीकडे वळून म्हणाल्या, "नाकात मोरणी घालतेस होय? छान दिसते."

बाहेर आळी रुंद होऊ लागली होती, आणि या वेळी लांबही. समोरचं घर मागे मागे गेलं, इतकं की तिथून ओरडणारी माणसं दिसत होती, पण ऐकू येत नव्हती. गोदूवहिनी धावत आल्या तरी पोचायला त्यांना दुपार झाली. अक्कांनी त्यांना लाडू दिला आणि चंद्राला हात लावू दिला नाही.

अवसेला सूर्य आणि चंद्र एकदमच मावळतात. संध्याकाळी चंद्र आपणहून भट्टीवरून उतरला. कल्हई चढल्यापासून तो एवढा फुगला होता, की धुराड्यातून जाईना. दिगंबरने दाराच्या दोन्ही फळ्या काढल्या. विहीर आळीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ते टोक आता दिसतच नव्हतं. कालिंदी पोचवायला निघाली, तर अक्कांनी तिला थांबवलं. आपल्या घरचा आहे, मीच पोचवते, म्हणाल्या.

काठी त्यांनी कोपऱ्यातच ठेवली. पदर खोचला, चंद्राला तळहाताने ढकललं आणि त्या मैदानाएवढ्या आळीतून त्याच्यामागे चालू लागल्या. बऱ्याच लांबवर गेल्यावर, मागे न बघता त्यांनी हात उंच केला आणि ओरडून सांगितलं, भट्टीवर परात घालू नका.

कालिंदी दारात उभी राहून विहिरीतल्या चुर्र आवाजासाठी अजून कान लावून आहे.