घासलेल्या भांड्यांचा व्हिडिओ

मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो. तीन पाय, एक मान आणि अंगात भरपूर ताठा. कॅमेरा हलू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते मात्र मी इमानेइतबारे केलं.

मी वाढलो एका फोटो स्टुडिओत. स्टुडिओच्या मालकांना सगळे मामाच म्हणत. "हनुवटी वर, खांदे सरळ, आता हसा," असं मामा म्हणायचे आणि भलीभली माणसं माझ्यासमोर काठी गिळल्यासारखी बसायची. "हा माझा उजवा हात," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी फुगून जाई. पुढे लोक आपापल्या मोबाइलवरच फोटो काढू लागले. स्टुडिओ बंद पडला. मामांनी मला बहिणीच्या घरी पोहोचवलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कोळ्यांनी माझ्या पायांत संसार थाटले.

मला खाली काढलं ते मामांच्या भाचीनं. तिचे उपकार मी कसे विसरू? ती दिवसा दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. संध्याकाळी तिला स्वतःचं असं काही करायचं होतं. कंपन्या आपली वस्तू घरी पाठवतात, ती वापरतानाचा छोटा व्हिडिओ आपण करून द्यायचा आणि मोबदला घ्यायचा, असं ते काम. त्यासाठी प्रसिद्ध असावं लागत नाही. तिनं घरातला कंगवा, चपला, कपबशी यांचेच नमुन्याचे व्हिडिओ केले आणि कंपन्यांना पाठवले. बहुतेकांनी साधं उत्तरही दिलं नाही.

तिची आई स्पष्टच म्हणाली, "एक तरी काम मिळव. नाहीतर हा सांगाडा भंगारात जाईल. येताजाता पायात येतो माझ्या."

तेव्हापासून माझी झोप उडाली.

शेवटी भांडी घासायच्या पातळ साबणाच्या एका छोट्या कंपनीनं होकार दिला. भाचीनं ओटा लखलखीत केला, चांगला ड्रेस घातला, वाक्यं पाठ केली. व्हिडिओत घाण दिसायला नको, म्हणून सगळी भांडी आधीच घासून घेतली आणि मग माझ्यासमोर पुन्हा घासली. मी तर खूश झालो. अगदी स्टुडिओसारखं काम!

कंपनीचं उत्तर आलं. "ताई, भांडी आधीपासूनच चकचकीत आहेत. मग आमचा साबण करतोय काय? आणखी एकदा करून पाठवा. तेही नाही जमलं तर राहू द्या."

भाची मटकन खुर्चीत बसली. सिंकमध्ये दुधाचं करपलेलं पातेलं भिजत पडलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"अजिबात नाही," आई म्हणाली. "माझं करपलेलं पातेलं चारचौघांत दाखवणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं करपत नाही का गं कधी?"

आईनं पातेलं उचलून त्याचा तळ पाहिला. मग तिनं बाह्या सरसावल्या. "तोंड दिसता कामा नये. फक्त हात."

मला सिंकपाशी उभं केलं. पायांवर फेस उडत होता आणि मामांनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. आई घासता घासता बोलत होती, "जोर लावावा लागतोच हं. नुसतं ओतून निघालं असतं तर मी खुर्चीत बसून राहिले असते. पण निघतंय." तळ हळूहळू पांढरा झाला. इतक्या वर्षांत इतकं खरं काही माझ्यासमोर घडलं नव्हतं.

तो व्हिडिओ कंपनीनं जसाच्या तसा घेतला आणि पुढचं कामही दिलं.

रविवारी भंगारवाला रद्दी न्यायला आला. दाराशी मी उभा होतो. त्यानं माझी मान धरली.

"त्याला हात लावू नका," आई आतून म्हणाली. "तो कामाला आहे आमच्याकडे."

मित्रांनो, उभा जन्म मी स्थिर राहिलो, पण त्या क्षणी माझे तिन्ही पाय लटपटले. तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडून असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एकदा खाली काढा, ओल्या फडक्यानं पुसा आणि काहीतरी काम सांगा.