मिल्काबाईंची चौकट

"काका, नारळ इथेच फोडू का नाली के पास?"

शामला दारात उभी राहून विचारत होती. तिच्यामागे दिवस भरत आलेली एक पोरगी चौकटीला कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटत होती. हिस्कील झिराडकर उत्तर देणार, तेवढ्यात आतून त्यांची मुलगी नोआमी चहाचा कप घेऊन आली आणि जागच्या जागी थबकली. ती आदल्या रात्री उशिरा, गल्लीत दिवे गेलेले असताना इस्राएलहून आली होती, बापाला कायमचं घेऊन जायला.

"पप्पा, ये क्या चल रहा है?"

"काही नाही गं. शेजारची शामला आहे."

"शामलाकाकू दिसतायत मला. हे काय आहे?"

तिचं बोट चौकटीवर तिरक्या बसवलेल्या मेजुजाकडे होतं. मेजुजा म्हणजे बोटभर लांबीची पितळी नळी. आत चर्मपत्राची बारीक गुंडाळी, आणि त्यावर हाताने लिहिलेल्या, देव एकच आहे हे सांगणाऱ्या ओळी. ज्यूंच्या दाराला ती असतेच. येताजाता तिला बोट लावायचं आणि ते ओठांना टेकवायचं, एवढंच. इथे मात्र पितळ औषधालाही दिसत नव्हतं. तेल-शेंदराचे थरावर थर चढून नळीचा पार म्हसोबा झाला होता. वर झेंडूची माळ, खाली भिंतीत खोचलेली उदबत्ती.

लष्कर भागातल्या त्या गल्लीत बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणी ज्यूंचं, हे एकच घर. हिस्कील गिरणीत फिटर होते. त्यांची बायको मिल्काबाई सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. ही नळी त्यांनी लग्नात माहेराहून, पेणहून आणली होती. गल्लीतल्या निम्म्या पोरांना जन्मतःच पहिली चापट त्यांनी मारलेली. अवेळी कुणाच्या पोटात कळ आली की बाई पदर खोचून निघायच्या, आणि निघताना नळीला बोट लावायच्या. बायकांनी ते पाहिलं. बाई हात लावून जाते आणि दोन्ही जीव सुखरूप सुटतात, तेव्हा सत्त्व कशात आहे हे उघडच होतं! मग कुणीतरी सातव्या महिन्यात येऊन हात लावून गेली, तिच्या सांगण्यावरून दुसरी आली. मिल्काबाई हसून म्हणायच्या, "अगं, त्यात औषध नाही." पण हसून सांगितलेलं कोण मनावर घेतं?

बाई गेल्या आणि शामलाने पहिल्यांदा तेल लावलं. दुसऱ्या बाळंतपणात तिच्या जिवावरच बेतलं होतं, आणि मिल्काबाई रात्रभर तिच्या उशाशी बसल्या होत्या. तेव्हापासून शामला त्यांना आईच मानायची. दर शनिवारी मारुतीचं झालं की वाटीतलं उरलेलं तेल इथे. शनिवार, म्हणजे नेमका ज्यूंचा शब्बाथ, कामधंदा बंद ठेवण्याचा पवित्र दिवस.

हिस्कीलनी तेव्हाच थांबवायला हवं होतं. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. लहानपणी आजोबांनी घोकून घेतलं होतं, की साप चावलेल्यांसाठी मोशेने पितळेचा साप घडवला आणि त्याच्याकडे पाहून माणसं वाचली. पुढे लोक त्या सापालाच धूप जाळू लागले. शेवटी एका राजाने तो फोडून टाकला. आजोबा इथे मांडीवर थाप मारायचे. हिस्कीलना मात्र वाईट वाटायचं, फुटलेल्या सापाचंही आणि घरून धूप घेऊन निघालेल्या माणसांचंही.

शिवाय खरं सांगायचं तर त्यांना ते हवंसं होतं. बाया चौकटीपाशी येऊन "मिल्काबाई, सांभाळा हो" म्हणायच्या, आणि आत खुर्चीवर बसलेल्या या माणसाला तेवढं ऐकून दिवस ढकलता यायचा. दुसरं कोण त्या घरात तिचं नाव घेत होतं?

बायका गेल्यावर नोआमी म्हणाली, "मम्मीला हे चाललं असतं?"

"नसतं."

"मग?"

हिस्कीलनी भिंतीतली उदबत्ती काढून विझवली. मग म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. पण ही नळी तिकडच्या दाराला लागली पाहिजे. दुसरी नको. तरच येतो."

"अच्छा. पण आधी साफ करू."

दुपारी त्यांनी पेचकस घेऊन नळी उतरवली. शेंदराची खपली निघता निघेना. अखेर झाकण निघालं, आणि गुंडाळी बाहेर आली ती निथळत. त्यांनी ती जपून उलगडली. तपकिरी, पारदर्शक झालेलं कातडं. त्यावर शाईचे नुसते ढग. एकही अक्षर उरलं नव्हतं. देवाचं नाव जिथे असायला हवं, तिथून पलीकडची फरशी दिसत होती.

स्क्रूच्या भोकातून तेल आत उतरलं होतं. गिरणीत नव्या माणसांना ते स्वतःच बजावायचे, तेल सोडलं तिथे राहत नाही. कोकणात त्यांच्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. तेलाची जात कळत नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

"मीच केलं हे," ते म्हणाले. "तिचं नाव ऐकायला मिळतं म्हणून त्याचं नाव पुसू दिलं."

नोआमीचा राग कुठल्या कुठे गेला. ती त्यांच्याजवळ खाली बसली. "पप्पा, हे तिकडे लावता नाही येणार. देवाचं नाव लिहिलेलं खराब झालं की दफन करावं लागतं."

"माहीत आहे."

संध्याकाळी दोघं कब्रस्तानात गेली. मिल्काबाईंच्या कबरीच्या पायाशी हिस्कीलनी खुरप्याने खड्डा केला आणि रुमालात गुंडाळलेली नळी चर्मपत्रासकट ठेवली. माती लोटताना त्यांना रडू आवरेना. नोआमीने त्यांना रडू दिलं.

शनिवारी शामला आली, हातात वाटी. चौकटीवर लाकडाचा तिरका, फिकट पट्टा आणि दोन भोकं.

"काका! मेजुजा?"

"मिल्काकडे पोचवली. तिची होती ना."

शामलाचा चेहरा उतरला. "माझ्याकडून काही चूक झाली का? मी तर किती मनापासून करत होती."

हिस्कीलनी तिच्याकडे पाहिलं. तेलाने आतली अक्षरं पुसली, हे ओठांवर आलं होतं. नोआमीही आतून कान देऊन उभी होती.

"त्यात औषध नव्हतं गं," ते म्हणाले. "ते तिच्या हातात होतं. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी."

शामलाने पदराने डोळे टिपले. मग वाटीकडे पाहत म्हणाली, "मग ह्या तेलाचं काय करू?"

गल्लीत सगळे त्या दारावरून त्यांची थट्टा करायचे. गिरणीभर यंत्रांना तेल पाजणारा फिटर, आणि घरचं दार हे एवढं करकरतं! हिस्कील हसण्यावारी न्यायचे. मिल्काबाई ड्यूटीवरून परतल्या की त्या आवाजाने अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं, आली. म्हणून त्यांनी बिजागऱ्यांना कधी हात लावला नव्हता, त्या असताना नाही आणि नंतरही नाही.

"बिजागरीत सोड," ते म्हणाले. "वरच्याही."

शामलाने टाचा उंचावून वरच्या बिजागरीत तेल सोडलं, मग वाकून खालच्या. हिस्कीलनी दार लोटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं.

"झालं ना काका? आता नाही वाजत."

"नाही वाजत," हिस्कील म्हणाले, आणि कडी हातात धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले.